साकव, सेतू आणि आपण

मनुष्याने आजवर जे जे बांधिले, त्यांत पुलाइतके परोपकारी दुसरे काही क्वचितच सापडेल. घर बांधणारा आपल्या मुलाबाळांसाठी बांधतो, किल्ला बांधणारा शत्रूस अडविण्यासाठी बांधतो. पूल मात्र ज्याचे नाव-गाव ठाऊक नाही अशा वाटसरूसाठी बांधला जातो. पलीकडे जाणारा कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, पायी की गाडीने, हे पूल विचारीत नाही. आणि वाटसरूही पुलास काही विचारीत नाही. रात्री-अपरात्री, भर पावसात, गाडीत झोपी गेलेला प्रवासी सुद्धा आपला जीव निर्धास्तपणे त्याच्या स्वाधीन करतो. एवढा विश्वास आपण सख्ख्या शेजाऱ्यावरही टाकीत नाही. या विश्वासास पूल पात्र राहील हे पाहणे कोणाचे काम, हा प्रश्न आम्ही आज विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडू इच्छितो.

हा प्रश्न आमच्या मनात आपोआप उद्भवला असे म्हणणे खोटे ठरेल. तो आम्हांस एका विद्यार्थ्याने शिकविला. शाळेची सहल मुंबईस गेली होती. तळ्याच्या आसपासच्या वाड्यांतून आलेल्या आमच्या मुलांनी जेव्हा वांद्र्याच्या किनाऱ्यावर उभे राहून सागरी सेतूचे ते उंच मनोरे आणि त्यांपासून पंख्याच्या काड्यांप्रमाणे खाली उतरलेल्या तारा पाहिल्या, तेव्हा क्षणभर सारी स्तब्ध झाली. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. लांबी किती, उंची किती, खर्च किती, बांधावयास वर्षे किती लागली. उत्तरे आम्ही यथाशक्ति दिली. शेवटी इयत्ता आठवीतील एक मुलगा, ज्याचे वडील राजपुरीच्या खाडीत होडी चालवितात, हळूच म्हणाला, “सर, या तारा पुसतं कोण?” इतर मुले खो खो हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही. इतकी वर्षे शिकविण्यात घालविली, परंतु हा प्रश्न आमच्या मनात कधी डोकावलाच नव्हता, याची लाज वाटली.

त्या प्रश्नाचे महत्त्व कळावे म्हणून प्रथम हा पूल उभा राहतो कसा, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. नेहमीच्या पुलास ठराविक अंतरावर खांब असतात आणि त्यांवर रस्ता टेकलेला असतो. जेथे खालून गलबते जावयाची असतात किंवा पाणी फार खोल असते, तेथे खांब दूर दूर ठेवावे लागतात. आणि खांब जितके दूर, तितका मधला रस्ता आपल्याच भाराने वाकू पाहतो. यावर दोन उपाय आहेत. एक झुलत्या पुलाचा. त्यात मनोऱ्यावरून मोठा दोर दोन्ही तीरांवर नेऊन जमिनीत घट्ट जखडतात, आणि त्या दोरास रस्ता टांगतात. दुसरा उपाय वांद्र्याच्या पुलाचा. त्यात मनोऱ्यापासून निघालेली प्रत्येक तार सरळ, तिरकी खाली येऊन रस्त्यालाच पकडते. इंजिनियर लोक यास केबल-स्टेड पूल म्हणतात.

किनाऱ्यावरील मुलांस यात नवल वाटू नये. गलबताची डोलकाठी दोन्ही बाजूंच्या ताणलेल्या दोरांनीच उभी राहते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले आहे. आणि डोंगरावरील मुलांनी कावड आठवावी. कावडीच्या दोन्ही घागरी सारख्या भरलेल्या असल्या म्हणजे खांद्यावर भार पडतो, परंतु मनुष्य कलत नाही. एकच घागर टांगून चालू पाहणाऱ्याची काय गत होते, हे सांगावयास नको. पूल बांधणारेही हाच नियम पाळतात. मनोरा उभा झाला म्हणजे ते रस्त्याचा एक तुकडा डावीकडे जोडतात व तारेने धरतात, मग तेवढाच तुकडा उजवीकडे जोडतात व तारेने धरतात. असे दोन हात पसरीत पसरीत रस्ता पाण्यावरून पुढे सरकतो. खालून एकही टेकू नसतो. तारा सतत ताणलेल्या, मनोरा सतत दाबलेला, आणि या दोहोंचा तोल राखूनच रस्ता अधांतरी राहतो.

हा विचार फार जुना असला, तरी तो मोठ्या प्रमाणावर साधण्याइतके चांगले पोलाद व गणित विसाव्या शतकातच हाती आले. स्वीडन देशातील स्ट्रॉमसुंड येथील १९५५ साली बांधलेला पूल या जातीचा पहिला आधुनिक पूल समजला जातो. आपल्या देशात कलकत्त्यास हुगळीवरील विद्यासागर सेतू १९९२ साली खुला झाला. त्याच्या दोन मनोऱ्यांमधील अंतर ४५७ मीटर आहे. वांद्रे-वरळी सेतूच्या चार मार्गिका ३० जून २००९ रोजी व उरलेल्या चार २०१० साली खुल्या झाल्या. त्याची एकूण लांबी सुमारे ५.६ किलोमीटर. तारांनी तोललेला भाग त्यात एक किलोमीटरही नाही. वांद्र्याच्या बाजूस २५० मीटरांचे दोन मोठे गाळे आहेत व वरळीच्या बाजूस १५० मीटरांचा एक. बाकी सारा पूल साध्या खांबांवरच उभा आहे. छायाचित्रात मिरवतात तारा, आणि भार वाहतात बहुतेक ठिकाणी न मिरवणारे खांब. संसारातही बहुधा असेच असते.

कोणी म्हणेल, हा सारा थाटमाट कशासाठी? तर त्याचेही उत्तर मुंबईच्या समुद्रातच आहे. याच सेतूस जोडणाऱ्या किनारी रस्त्याचे काम चालू असता वरळीच्या कोळी बांधवांनी तक्रार केली की, खांबांमधील ६० मीटरांच्या अंतरातून लाटांच्या वेळी होड्या सुखरूप नेता येणार नाहीत. पुष्कळ वादानंतर महापालिकेने एक खांब कमी करून ते अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले, आणि त्यासाठी १३६ मीटर लांबीची कमानदार तुळई तयार करवून ती २०२४ सालच्या एप्रिलात समुद्रावर बसविली. म्हणजे खांब दूर ठेवणे हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. पुलावरून जाणाऱ्याइतकाच पुलाखालून जाणाराही हक्कदार आहे, आणि चांगला इंजिनियर तोच की जो दोघांचाही हिशेब धरतो.

या सेतूविषयी अमुक इतक्या हत्तींच्या वजनाचा, तारा जोडल्या तर पृथ्वीस वेढा पडेल इतक्या लांबीचा, अशी वर्णने मुलांच्या तोंडी फार असतात. त्यांस आमचा विरोध नाही. आश्चर्य ही ज्ञानाची पहिली पायरी होय. परंतु पहिल्याच पायरीवर बसून राहिल्याने कोणी वर चढत नाही. पूल किती मोठा, हे विचारणे सोपे आहे. तो आज किती बळकट आहे, हे विचारणारा शंभरांत एखादाच. आमचे स्पष्ट मत असे आहे की, आपल्या लोकांस पूल बांधण्याची हौस आहे, उद्घाटनाची त्याहून अधिक आहे. परंतु पूल राखण्याची शिस्त अजून आपल्या अंगी बाणलेली नाही. आणि जो समाज राखू शकत नाही, त्याने बांधण्याचा अभिमान बेताने वाहावा.

हे शब्द कठोर वाटतील. पण आमच्या जिल्ह्यातील मनुष्यास हे सांगावयास पुरावा दूर शोधावा लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. तो १९२८ सालचा होता. शेजारी नवा पूल झाला होता, तरी मुंबईकडे येणाऱ्या गाड्या या जुन्याच पुलावरून सोडल्या जात. काळोखात, कोसळत्या पावसात, पूल नाहीसा झाला आहे हे कोणास कळणार? राज्य परिवहनाच्या दोन गाड्या व एक मोटार एकामागून एक त्या पोकळीत गेल्या. चाळीसच्या आसपास माणसे प्राणास मुकली. कित्येकांची प्रेते खाडीत दूरवर सापडली, काहींची सापडलीच नाहीत. जवळच्या एका गॅरेजातील कामगाराच्या ध्यानी हा प्रकार आला व त्याने खबर दिली म्हणून पुढील अनर्थ टळला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे शासनानेच नंतर सांगितले. येथे आम्ही कोणा एकास दोषी ठरवीत नाही. तो आमचा अधिकार नाही. परंतु एवढे विचारल्यावाचून राहवत नाही की, जी पाहणी तीन महिन्यांत खोटी ठरू शकते, ती पाहणी कोणत्या प्रकारची?

यापुढील गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या क्षमतेची साक्ष आहे. त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला व ५ जून २०१७ रोजी तो खुला झाला. मनात आणिले तर आपण सहा महिन्यांत पूल बांधू शकतो. मग मनात आणण्यासाठी आधी माणसे बुडावी लागतात, हे कसे?

कोणी म्हणेल, तो जुना दगडी पूल होता; पोलादाच्या तारांचे नवे पूल कसे पडतील? याचे उत्तर इटली देशातील जिनोव्हा शहराने दिले आहे. तेथील १९६७ सालचा मोठा पूल याच जातीचा, मनोऱ्यांपासून निघालेल्या आधारांनी तोललेला होता. आपल्या काळी तो इंजिनियरीचे भूषण समजला जाई. त्याचे आधार थोडेच होते, आणि आतील पोलाद सुरक्षित राहावे म्हणून ते काँक्रीटने मढविलेले होते. त्या मढविलेल्या आवरणाआड पोलाद गंजत गेले, आणि ते डोळ्यांस दिसले नाही. १४ ऑगस्ट २०१८ रोजी, पावसात, पूल कोसळला व ४३ माणसे मेली. गोमंतकात मांडवीवर १९७० साली बांधलेला पूल ५ जुलै १९८६ रोजी पडला; त्याचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. सावित्रीचा दगडी पूल अठ्ठ्याऐंशी वर्षे टिकला व मांडवीचा सोळा, यावरून नवे म्हणजे अमर हा भ्रम सोडावा. आज मांडवीवर २०१९ पासून तारांनी तोललेला नवा पूल उभा आहे, आणि तो दीर्घायुषी होवो. परंतु केवळ आशीर्वादाने पोलादाचा गंज थांबत नाही.

कोकणातील गृहिणीस हे आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. खारा वारा काय करतो, हे तिच्या विळीस व खिडकीच्या गजांस ठाऊक आहे. पोलादाच्या मोठ्या तारांची कथा निराळी नाही. म्हणून आताच्या पुलांत एक तार म्हणजे एकच दोर नसून अनेक बारीक तारांचा जुडगा असतो. प्रत्येकीस जस्ताचा मुलामा, आणि वरून आवरण असते. एखादी तार खराब झाली तर पूल न पाडता ती बदलता यावी, अशी योजना असते. तार छेडून तिच्या कंपनावरून तिचा ताण मोजता येतो. तंबोरा लावणारा कानाने करतो तेच येथे यंत्राने केले जाते. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे की, तारा पुसावयास नव्हे, पण त्यांची नाडी पाहावयास माणसे नेमावी लागतात, ती शिकलेली असावी लागतात, आणि त्यांनी दरवर्षी, कोणी पाहत नसतानाही, वर चढून जावे लागते. पुलाचे आयुष्य त्या माणसांच्या सचोटीइतकेच लांब असते.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, गरीब देशाने एवढे मोठे पूल बांधूच नयेत. त्या पैशात शाळा व दवाखाने होतील. आम्हांस हे पटत नाही. ज्या बाईस बाळंतपणासाठी खाडी ओलांडून जावयाचे आहे, तिला पूल हाच दवाखान्याचा दरवाजा होय. आंबेत-म्हाप्रळचा पूल दुरुस्तीसाठी बंद राहिला, तेव्हा दोन्ही तीरांवरील लोकांस त्याची किंमत कळली. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गासाठी आमच्या जिल्ह्यातील खाड्यांवर मोठे पूल करण्याची योजना आहे. ते व्हावेत अशीच आमची इच्छा आहे. दुसरा आक्षेप असा की, देखरेख हे सरकारचे काम, त्यात शाळेतल्या मुलांचा काय संबंध? यास मात्र थोडे विस्ताराने उत्तर देणे प्राप्त आहे.

प्रभु येशूच्या एका दृष्टांतात मनोरा बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, नाही तर पाया घालून काम अर्धवट राहिले असता लोक त्याची थट्टा करतात. आम्हांस वाटते, आजच्या काळी त्या हिशेबात आणखी एक रकाना घातला पाहिजे, आणि तो म्हणजे राखण्याच्या खर्चाचा. ज्या दिवशी पुलाचा पैसा मंजूर होतो, त्याच दिवशी त्याच्या पुढील वर्षांच्या तपासणीचा व दुरुस्तीचा पैसा बाजूस काढला जावा. तो काढला जात नाही, कारण तो मागणारे कोणी नसते. नवा पूल मागावयास मोर्चे निघतात. जुन्या पुलाचा पाया तपासा म्हणून कधी कोणी ग्रामसभेत उभा राहिला आहे काय? मागणारे नागरिक घडविणे हे शाळेचे काम नव्हे, तर मग शाळा कशासाठी?

शिवाय आमच्या गावातील पूल म्हणजे काही सागरी सेतू नव्हेत. ओढ्यावरचे साकव, रस्त्याखालच्या मोऱ्या, पावसाळ्यात पाणी चढले म्हणजे दिसेनासे होणारे सखल पूल, हेच आमच्या मुलांचे पूल. शाळेत येताना ती त्यांवरूनच येतात. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला व चार माणसे गेली. धोक्याची सूचना देणारा फलक तेथे होता. फलक वाचून मागे फिरण्याची शिस्त मात्र गर्दीत नव्हती. म्हणजे राखणे हे जसे सरकारचे काम, तसे ते वापरणाऱ्याचेही आहे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. एक, प्रत्येक पुलाच्या तोंडाशी, उद्घाटकाच्या नावाच्या पाटीशेजारी, आणखी एक पाटी असावी. तिजवर बांधल्याचे साल, किती भार चालतो तो आकडा आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहिलेली असावी. जे लिहून चारचौघांत लावावे लागते, ते मनुष्य सहसा खोटे लिहीत नाही. दोन, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आपापल्या वाटेवरील साकवांची व मोऱ्यांची एक वही ठेवावी. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, पाणी उतरलेले असताना, शिक्षकांसह जाऊन भेगा, उघडी पडलेली सळई, खांबाच्या बुडाशी वाहून गेलेली माती यांची नोंद करावी, आणि तिची प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. पूर बहुधा पुलास वरून ढकलून पाडीत नाही. तो पायाखालची माती पोखरतो, आणि ती जखम पाण्याआड लपलेली असते. भूगोल व पदार्थविज्ञान यांचा याहून चांगला धडा वर्गाच्या चार भिंतींत मिळणार नाही.

तिसरी सूचना पालकांस आहे, आणि ती आम्ही संकोच न करता सांगतो. मुलगा इंजिनियर व्हावा असे प्रत्येकास वाटते. मुलगीही व्हावी असे आता वाटू लागले आहे, हे फारच उत्तम. परंतु तोच मुलगा फिटर, वेल्डर किंवा गवंडी होतो म्हणाला, तर घरात सुतक पडल्यासारखी स्थिती होते. कागदावर पूल काढणारा एक असतो. तो खरा उतरविणारे व खरा ठेवणारे शेकडो असतात. नीट न जोडलेला एक सांधा हजार हुशार आकडेमोडी फुकट घालवितो. हाताने काम करणाऱ्यास आपण कनिष्ठ लेखतो, आणि मग त्याच्या हातचे काम पक्के असावे अशी अपेक्षा करतो, हा कोठला न्याय? सावित्रीच्या काठी त्या रात्री प्रथम सावध झाला तो एक गॅरेजातील कामगारच होता, हे आम्ही विसरू नये.

सहलीहून परतताना रात्र झाली होती. तळ्याच्या वाटेवर एका मोरीपाशी गाडी थोडी हळू झाली, तेव्हा तोच आठवीतील मुलगा खिडकीतून मान काढून खाली पाण्याकडे पाहू लागला. काय पाहतोस, असे आम्ही विचारले. म्हणाला, “खालची माती आहे का ते बघतो, सर.” अंधारात त्यास काही दिसले नसावे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत आम्ही दोघे जाऊन ती पाहून आलो. एका बाजूची दगडी बांधणी थोडी सुटली आहे. वहीचे पहिले पान तिच्या नोंदीने सुरू झाले आहे, आणि अर्ज ग्रामपंचायतीकडे गेला आहे. पुढील अंकात त्याचे काय झाले, हे वाचकांस कळविण्याचे आम्ही वचन देतो.